दासीचं लुगडं

बाबा,

गेल्या महिन्यात मी ते चित्र हातात घेतलं. छापलेलं नाही, खरं. पिवळ्या पार्श्वभूमीवरची ओसरी, तिच्यात लोडाला टेकून वाट बघत बसलेली नायिका आणि तिच्या मागे पंखा धरून उभी असलेली दासी. तुम्ही ज्याच्या छपाईच्या चार फिल्म्सवर दीड महिना डोळे फोडलेत, तेच. माझ्या पंजापेक्षा थोडंसंच मोठं आहे. एवढ्याशा चित्रावरून आपल्या घरात काय काय झालं, याचं मला आधी हसू आलं आणि मग कितीतरी वेळ टेबलाजवळून उठवेना. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण लिहायला बसावं असं कधी वाटलं नाही. आता वाटतंय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी सगळी गोष्ट सांगावी लागेल, आणि तुम्हाला ती अर्धी ठाऊक आहे.

चारकोपच्या आपल्या बैठ्या घरापासून इंडस्ट्रियल इस्टेटमधली तुमची प्रेस चालत पंधरा मिनिटांवर. आजोबा गिरणीत होते, तुम्ही छपाईत शिरलात, आणि तेही मशीनवर नाही, वरच्या मजल्यावर प्रोसेस खात्यात, छपाईआधीच्या रंगांच्या कामाला. तिथे तुम्हाला सगळे आर्टिस्ट म्हणायचे. आईला त्याची गंमत वाटायची. "आर्टिस्ट म्हणे! नखां बघा तेंची," असं ती शेजारणींना सांगायची, कारण फिल्मवर लावायच्या औषधाने तुमची नखं कायम पिवळट असायची. शाळेला सुट्टी असली की मी तुमचा डबा घेऊन यायचे. खाली मशीनची धडधड, शाईचा आणि रॉकेलचा वास, आणि जिना चढून वर आलं की एकदम शांत. अंधाऱ्या खोलीत खालून उजेड असलेलं काचेचं टेबल, त्यावर फिल्म, आणि तिच्यावर वाकलेले तुम्ही, हातात बारीक ब्रश. एका चित्राच्या चार फिल्म्स व्हायच्या, निळ्याची, गुलाबीची, पिवळ्याची, काळ्याची, पण दिसायला चारही काळ्या-करड्याच, नुसते ठिपके. जिथे एखादा रंग जास्त झालाय तिथे तुम्ही ब्रशाने औषध लावायचात, ठिपका बारीक व्हायचा, मग छापताना तो रंग तेवढ्यापुरता हलका पडायचा. औषध क्षणभर जास्त राहिलं तर ठिपकाच गायब, फिल्म फुकट. मी विचारलं होतं, "यात तुम्हाला रंग दिसतो कसा?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दिसत नाही गं. माहीत असतो."

दिवाळीच्या आधी कॅलेंडरांचा हंगाम यायचा. कुठल्यातरी रंगाच्या नाहीतर औषधांच्या कंपनीला भिंतीवर टांगायला जुनी लघुचित्रं हवी असायची, एका वर्षी बुंदीची, एका वर्षी कांगड्याची, एका वर्षी किशनगढची. छापून बघताना जी प्रूफं बिघडायची ती तुम्ही घरी आणायचात आणि जूनमध्ये आई त्यांचीच कव्हरं माझ्या वह्यांना घालायची. वर्गात सगळ्यांच्या वह्या खाकी, माझ्या वहीवर हिरव्या तोंडाचा कृष्ण. गणिताला मेवाड, भूगोलाला कांगडा, मराठीला कुणीतरी शिकारीला निघालेला राजा आणि त्याचा गुलाबी घोडा. मुली हसायच्या. मला ते लागायचं, पण त्या कव्हरांकडे बघत बसायचा नादही लागला होता. चित्राखाली इंग्रजीत छापलेलं असायचं, कांगडा स्कूल, बुंदी स्कूल. पाचवीत इंग्रजी वाचता यायला लागल्यावर मी तुम्हाला विचारलं, "बाबा, या शाळेत काय शिकवतात?" तुम्ही भाकरी मोडता मोडता थांबलात. मला वाटलं आता हसाल, पण तुम्ही नीट उत्तर दिलंत. "तशी इमारत नसते गं. बाप काढतो, मुलगा बघतो. मग मुलगा काढतो. तीच शाळा."

तुम्ही मला रागावलात असं एकदाच आठवतं. इतिहासाच्या तासाला कंटाळून मी कव्हरावरच्या राणीला बॉलपेनने मिशा काढल्या होत्या. तुम्ही ती वही उचललीत, बघितलीत, आवाज चढवला नाहीत. "हात धुऊन ये," म्हणालात. मी हात धुऊन आले तर तुम्ही दारातल्या उजेडात पाट मांडून बसला होतात, तुमचं भिंग घेऊन. "हिच्या कानामागचे केस मोज." मी मोजायला लागले. अठरापर्यंत गेले आणि चुकले, परत मोजले, परत चुकले. तुम्ही म्हणालात, "खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश करायचे. एकेक केस वेगळा काढलाय त्याने. आणि कुणी काढलं त्याचं नावसुद्धा कोणी लिहून ठेवलं नाही. निदान मिशा तरी काढू नको." मी रडले नाही, पण ती वही वर्ष संपेपर्यंत उलटी ठेवून वापरली.

मी सातवीत असताना तुम्ही अर्धा दिवस रजा काढून मला आणि आईला शहरातल्या म्युझियममध्ये नेलंत. तेव्हा मला कळलं नव्हतं की तुम्हीही खरं लघुचित्र पहिल्यांदाच बघताय. पंधरा वर्षं ती चित्रं छापत होतात, आणि खरं एकही पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "एवढंसंच असतं?" तुम्ही काचेसमोर वाकता, मग गुडघ्यांत बसता, मग उभे राहता, मान एका बाजूला कलती करता. पहारेकरी ओरडतो, "ओ साहेब, काचेपासून लांब!" तुम्ही लांब होता आणि मला जवळ ओढून सांगता, "इथून बघ. आता खाली बस आणि बघ. सोनं हललं की नाही?" हललं होतं. राजाच्या मागचं सोनेरी आकाश खालून बघताना पेटल्यासारखं झालं आणि वरून बघताना विझलं. पलीकडे डोंगराळ मुलखातल्या बसोलीचं एक चित्र होतं, त्यातल्या बाईच्या गळ्यातले हिरवे खडे म्हणजे रंग नव्हताच, भुंग्याच्या पंखांचे बारीक तुकडे चिकटवलेले होते. आई पाय दुखतात म्हणून बाकावर बसली होती. तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसलात आणि म्हणालात, "आपण सोन्याच्या जागी पिवळा टाकतो, थोडा काळा टाकतो. इतकी वर्षं लोकांना काय दाखवत होतो आपण?" आई म्हणाली, "लोकांका तारीख बघूची असता हो." तुम्ही हसलात, पण त्या दिवशी फार बोलला नाहीत.

बोललात ते दुसऱ्या दिवशी, रविवारी, मासळी आणायला जाताना. तुम्ही बोलताय आणि मी पिशवी सांभाळत तुमच्याबरोबर चालतेय. "दिल्लीच्या बादशहाकडचं काम आटलं, तसे चितारी बाहेर पडले. कोणी राजस्थानात, कोणी पार डोंगरात, लहान लहान राजांकडे. हात बरोबर नेला. पण डोळ्यांना तिथलंच दिसणार ना? बुंदीला दाट झाडी, पाणी, हत्ती, तर चित्रात तेच. डोंगरात आधी सगळं जोरकस चालायचं, लाल-पिवळं, हे एवढाले डोळे. तिथे बाहेरचा हात गेला, त्याला तिथली हवा लागली आणि दोन पिढ्यांत कांगड्याचं ते मऊ काम झालं. एका चिताऱ्याचे दोन मुलगे होते. थोरला घराजवळ राहिला, धाकटा दुसऱ्या राजाकडे गेला आणि त्या राजाला दाढी करताना, हुक्का ओढताना, थंडीत गोधडी घेऊन बसलेला काढू लागला. बापाने कधी असलं काढलं नव्हतं." मी विचारते, "आणि आपल्याकडे?" तुम्ही चालता चालता थांबता. "आपल्याकडे अहमदनगर, विजापूर, तिकडे गोवळकोंडा. दख्खनची तऱ्हाच वेगळी. जांभळे डोंगर. लोकांना वाटतं आपल्याकडे नुसत्या लढाया झाल्या." आज हे मी व्यवसाय म्हणून शिकवते. ते इतकं सरळ नव्हतं हेही आता मला माहीत आहे. राजस्थानातली आणि दख्खनची कलमं, म्हणजे तिथल्या चित्रांच्या शैली, दिल्लीचं काम आटायच्या कितीतरी आधीपासून आपापल्या पायांवर उभी होती. पण वर्गात मी सुरुवात अजून तुमच्यासारखीच करते, हात आणि डोळे. हे तुम्हाला कुठून कळलं होतं? कॅलेंडरांच्या मागच्या मजकुरातून, कांदिवलीच्या वाचनालयातून, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलेल्या इंग्रजीतून. कॉलेजचं तोंड तुम्ही बघितलं नव्हतं.

मग ते पुस्तक आलं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सगळ्या प्रांतांची कलमं एका जागी आणणारं मोठं पुस्तक, लिहिणारे प्राध्यापक या विषयातले अगदी वरच्या फळीतले, आणि रंगाचं काम तुमच्याकडे. तुम्ही दहा वर्षांनी तरुण झालात. रोज घरी आल्यावर कुठलं चित्र झालं ते सांगायचात. हे पिवळं चित्र मात्र हाताला येईना. पिवळा हिरव्याकडे झुकायचा, तो सावरला की दासीचं अंग राखाडी पडायचं. पाचवं प्रूफ तुम्ही घरी आणलंत आणि स्वयंपाकघरात लादीवर पसरलंत, कारण खिडकीचा उजेड तिथेच बरा यायचा. खाली छापलं होतं, मेवाड. आई मोरीपाशी बसून बांगडे साफ करत होती. तिने लांबूनच मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "ही मागची बाय घागऱ्यातली न्हय हां. हिना लुगडा नेसल्यान हा."

"काय म्हणालीस? परत बोल."

"लुगडा. काष्टो घातल्यान हा मागे. दिसणा नाय तुमका?"

तुम्ही भिंग घेऊन लादीवर ओणवे झालात. मीही बघितलं. नायिका घागरा-ओढणीतली, राजस्थानातल्या शेकडो चित्रांतली असते तशीच. पण मागच्या दासीच्या निऱ्या पायांमधून मागे नेऊन खोचलेल्या होत्या, आणि पदर खांद्यावरून घेऊन कमरेला आवळलेला होता, गावाकडच्या माझ्या मावशीचा असायचा तसा. तुम्ही उठून बसलात तेव्हा तुमचे डोळे पाणावलेले होते, भिंगामुळे असतील. जेवताना तुम्ही एकदम म्हणालात, "मुख्य बाई त्याने शिकल्यासारखी काढलीय. दासी बघितल्यासारखी." आई म्हणाली, "म्हणजे काय?" "म्हणजे चितारी तिकडचा असेल, पण हे काढताना तो आपल्याकडे बसला होता. अशी बाई त्याच्यासमोर रोज येत-जात असणार."

दोन दिवसांनी प्राध्यापक प्रूफं बघायला प्रेसमध्ये येणार होते. तुम्ही मला म्हणालात, "तूही ये. तुला याच विषयात पुढे जायचंय ना? ओळख होईल." तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होतात. मी पंजाबी ड्रेस घातला होता आणि आदल्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत बसून मेवाडवरचं जे मिळेल ते वाचून ठेवलं होतं. प्राध्यापक माणूस म्हणून चांगले होते, हे आधी सांगते. त्यांनी तुमच्या पिवळ्याची तारीफ केली, चहा घेतला, मला काय शिकतेस विचारलं. मग तुम्ही ते चित्र समोर ठेवलंत आणि हात पाठीमागे बांधून म्हणालात, "सर, एक विचारू का? हे खात्रीने मेवाड आहे?"

"का हो?"

"ही दासी बघा. लुगडं आहे, काष्ट्याचं. तिकडे असं नेसत नाहीत. मला वाटतं हे दख्खनमध्ये बसून काढलंय."

प्राध्यापक वाकून बघतात. हसतात, वाईट हसत नाहीत. "नजर चांगली आहे तुमची. पण एखाद्या नेसण्यावरून कलम ठरत नाही. रेषा बघा, झाड बघा, चेहऱ्याची ठेवण बघा. सगळं मेवाड." मग ते माझ्याकडे वळतात. "तू या विषयात येणार म्हणतेस. तुला काय वाटतं?"

बाबा, मी त्या क्षणाकडे इतक्या वेळा परत गेलेय की आता त्यातलं खरं किती आणि मी भरलेलं किती, ते मलाच कळत नाही. पण माझे शब्द मला नक्की आठवतात. मी म्हटलं, "मेवाडच वाटतं, सर." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढे म्हटलं, "बाबांना रंगातलं कळतं, पण शैलीचं तसं शिक्षण नाही ना त्यांचं."

तुम्ही मान हलवलीत. "बरोबर आहे," म्हणालात, प्रूफ उचललंत आणि काचेच्या टेबलाचा दिवा बंद केलात. प्राध्यापकांनी पुढचं चित्र मागितलं तेव्हा तो परत लावलात. घरी येताना आपण नेहमीच्या रस्त्याने आलो. मी वाट बघत होते की तुम्ही काहीतरी बोलाल, निदान रागवाल. शेवटच्या वळणावर तुम्ही म्हणालात, "सरांचा अभ्यास आहे. असेल त्यांचंच खरं." आणि थोडं चालून, "तू बोललीस छान. घाबरली नाहीस." त्यानंतर तुम्ही प्रूफं घरी आणणं बंद केलंत. मी विचारलं नाही. पुस्तक निघालं, त्यात त्या चित्राखाली मेवाडच छापलं होतं. एक प्रत तुम्हाला मिळाली, ती तुम्ही मला दिलीत, "तुला उपयोगी पडेल" म्हणून. पडली. बडोद्याला शिकायला गेले तेव्हा ट्रंकेत सगळ्यात खाली तीच होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांत प्रेसमध्ये स्कॅनर आला, रंगाचं काम कॉम्प्युटरवर गेलं, काचेची टेबलं भंगारात निघाली. तुम्हाला बायंडिंगला बसवलं, छापील कागद घडीत बरोबर लागलेत का ते बघायला. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. मी सुट्टीला यायचे तेव्हा तुम्ही माझ्या अभ्यासाचं विचारायचात, पण कुठलं चित्र, कुठलं कलम, हे विचारत नव्हतात. "बरं चाललंय ना?" एवढंच. मी मनात ठरवलं होतं, नोकरी लागली की तुम्हाला बडोद्याला घेऊन जाईन, तिथल्या संग्रहातली चित्रं हातात घेऊन दाखवेन, काचेबाहेरून नाही, आणि तेव्हा बोलेन. नोकरी लागली त्या वर्षीच एका दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी पोचेपर्यंत तुम्हाला नेलेलं होतं. आईने मला एकच गोष्ट सांगितली, की तुमची नखं पुन्हा स्वच्छ पांढरी झाली होती.

आता मी मुलुंडला राहते आणि शहरातल्या एका संग्रहालयात काम करते. नव्या प्रदर्शनासाठी एका कुटुंबाने आपल्याकडची चित्रं पाठवली, त्यांत हे होतं. पेटी उघडली आणि मला पिवळा दिसला. तुमचाच पिवळा होता, बाबा. इतका जवळ आणला होतात तुम्ही त्याला. चित्र कधीकाळी एका जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं होतं आणि त्या पुठ्ठ्याला कसर लागली होती, म्हणून आमच्याकडची दुरुस्ती करणारी मुलगी तो सोडवत होती. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने हाक मारली, "मॅम, मागे काहीतरी लिहिलंय, या ना लवकर." तीन ओळी होत्या, नागरीत, भाषा राजस्थानकडची. मेवाडच्या कुणा ठाकुरासाठी हे चित्र झालं. त्याच्यापुढे चिताऱ्याचं नाव होतं, त्यातलं पहिलं अक्षर उरलंय, बाकी किड्याने खाल्लंय. आणि शेवटच्या ओळीत, अगदी स्पष्ट, औरंगाबाद.

बादशहाच्या दख्खनच्या मोहिमांत राजपूत सरदार वर्षानुवर्षं इथे तळ देऊन राहायचे. काहींनी आपले चितारीही बरोबर आणले. इथे बसून त्यांनी काढलेली चित्रं आम्हा लोकांना ठाऊक आहेत, मी स्वतः त्यांवर लिहिलंय. पण या चित्राबद्दल अभ्यासकांपैकी कुणाला शंका आली नव्हती, कारण त्या पुस्तकात मेवाड छापलं होतं आणि पुढे सगळ्यांनी तेच उतरवलं. मीसुद्धा. एका लेखात मी मेवाडचा नमुना म्हणून हेच चित्र दिलंय. म्हणजे सरांचंही बरोबर होतं, हात तिकडचा. आणि तुमचंही. पाठीवरचं वाचल्यावर मी चित्र सुलटं करून भिंगातून दासीकडे बघितलं, आणि तेव्हा मला ते लुगडं इतकं ढळढळीत दिसलं की लाज वाटली. पाठ वाचल्याशिवाय मला ते दिसलं नसतं. आईने सांगितलं होतं, तुम्ही दाखवलं होतं, आणि तरीही तीस-पस्तीस वर्षं मी छापील शब्दच बघत राहिले.

रविवारी चारकोपला गेले. आई अजून त्याच घरात आहे, आता वर एक मजला चढलाय. वाल सोलत बसली होती. मी मोबाइलवर फोटो मोठा करून तिच्यासमोर धरला. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

"ह्या ताच ना? तुझ्या बाबांचा?"

"हो. मागे लिहिलेलं सापडलं. आपल्याकडेच काढलंय. औरंगाबादला."

"मी तेवाच सांगललंय," ती म्हणाली, अजिबात आश्चर्य न वाटता, आणि परत वालाकडे वळली. मग थोड्या वेळाने, मान खाली घालूनच, "तेंका कळूक व्हया होता गे. त्या दिसापासून जेवताना चित्राचा बोलणाच बंद झाला तेंचा." मला वाटत होतं की प्रेसमधलं बोलणं तुम्ही तिला सांगितलं नसेल. सांगितलंही नव्हतं. तिला फक्त घरातली शांतता माहीत होती, आणि ती तिने इतकी वर्षं जपून ठेवली होती. जाताना ती म्हणाली, "त्या सरांका तरी सांग. असतत मा ते?"

प्रदर्शनाचं लेबल मी लिहिलं. चितारी मेवाडच्या परंपरेतला, चित्र औरंगाबादचं, दासीचं नेसणं दख्खनी. हे कुणाच्या लक्षात आलं होतं ते लिहायला लेबलात जागा नसते, असं मी स्वतःला सांगितलं. आणि मग सरांना फोन केला. ते आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, मुलीकडे राहतात, ऐकू कमी येतं पण बाकी शाबूत. गेली वीस वर्षं आम्ही एकमेकांना चर्चासत्रांतून ओळखतो, ते मला लग्नानंतरच्या नावाने ओळखतात. मी चारकोपची, हे त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांच्याकडे शिकायला मी गेले नाही, तेही प्रेसमधल्या त्या दिवसामुळेच.

मी त्यांना पाठीवरच्या तीन ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी परत वाचायला लावल्या. "म्हणजे तो गृहस्थ बरोबर होता," ते म्हणाले.

"कोण, सर?" मी विचारलं, जणू मला माहीतच नव्हतं.

"प्रेसमध्ये रंगाचं बघणारे एक होते. फार उत्तम काम करायचे. त्यांनी मला ती दासी दाखवली होती. मी ऐकलं नाही. त्यांची मुलगी होती तिथे, तिला विचारलं, तिनेही माझीच री ओढली. तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण नंतर ते पान आलं की मी पटकन उलटायचो. त्या माणसाचा चेहरा आठवायचा." ते थांबले, खोकले. "त्यांना कळवायला पाहिजे हो. तुमची ओळख आहे का कुणाशी तिकडे, चारकोपला?"

सर, ते गेले, एवढं सांगायला काहीच लागत नव्हतं. सर, ती मुलगी मीच, हे सांगायलाही दोन शब्द पुरले असते, आणि ते ऐकायला याहून योग्य माणूस मला मिळणार नव्हता. माझ्या तोंडाशी आलंही होतं.

मी म्हटलं, "बघते, सर. पत्ता मिळाला तर कळवते."